पर्सोना ५ रॉयल: शत्रू मारायचे की स्थळं बघायची?

गिरणाकाठ

मंडळी,

गेले अडीच महिने रात्रीची जेवणं उरकली की मी टोकियोत असतो. योंगेन-जाया नावाच्या वस्तीत, एका कॉफीच्या दुकानाच्या माळ्यावर. दिवसा शाळा, संध्याकाळी कुणाची तरी भेट, आणि मध्येच एखाद्या नालायक माणसाच्या मनात शिरून तिथल्या भुतावळीशी मारामारी. रात्री दीडला आई दार वाजवते तेव्हा परत जळगावात येतो.

खेळ म्हणजे अ‍ॅटलसचा 'पर्सोना ५ रॉयल'. मूळ 'पर्सोना ५' जपानात २०१६ मध्ये आला, ही वाढवलेली आवृत्ती २०१९ मध्ये, आणि जपानबाहेर २०२० मध्ये. चुलतभाऊ पुण्याला नोकरीला जाताना त्याचा पीएस४ माझ्याकडे टाकून गेला, त्यात हा खेळ होता. एप्रिलमध्ये सुरू केला. खेळातली गोष्टही एप्रिलमध्येच सुरू होते, पण तिथे म्हणे तेव्हा चेरीला फुलं असतात. इथे पारा ४४ वर होता आणि पंखा गरम हवा खाली ढकलत होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: नायक अकरावीतला पोरगा. एका बाईची छेड काढणाऱ्या बड्या माणसाला अडवतो, तर उलटा यालाच गुन्हेगार ठरवतात. मग एक वर्षाच्या प्रोबेशनवर टोकियोला रवानगी. अंगावर ठपका, शाळेत सगळे टरकून असतात. तिथे त्याला आणि दोस्तांना एक शक्ती मिळते, लढताना हाक मारायची; तिलाच 'पर्सोना' म्हणतात. वाईट माणसाच्या मनात त्याच्या हावेचा जो 'पॅलेस' तयार झालेला असतो त्यात शिरून ती हाव चोरायची. ही झाली लढाई.

आणि लढाई नसते तेव्हा कॅलेंडर. खेळ दिवसादिवसाने पुढे सरकतो. शाळा सुटल्यावर एक काम, रात्री एक काम. अभ्यास करा, अंघोळीला जा, पार्टटाइम करा, नाहीतर कुणाला तरी भेटा. भेटायच्या माणसांना 'कॉन्फिडंट' म्हणतात. प्रत्येकाशी नात्याच्या दहा पायऱ्या. मुलींच्या बाबतीत वरच्या पायऱ्यांवर कधीतरी प्रश्न येतो, मैत्री ठेवायची की पुढे जायचं.

आता मुद्दा. ऑफिसमधल्या एकाला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे पोरी पटवायचा गेम?" मी तेव्हा गप्प बसलो, पण ते वाक्य घशात माशाचा काटा अडकावा तसं अडकलंय. खरंच तेवढंच आहे का? हा भेटीगाठींचा भाग काढून टाकला तर खेळ उरेल का? तुमची मतं सांगा. कथानक फुटेल असं काही लिहिणार असाल तर आधी इशारा द्या, मी अजून सप्टेंबरमध्ये आहे.

मेहरूणचं बोर

शेवटी कुणीतरी हा धागा काढला. मी दोनदा पूर्ण केलाय, त्यामुळे अधिकारवाणीने बोलतो.

उरणार नाही. कारण लढाईतली निम्मी ताकद त्या भेटीगाठींतूनच येते. गल्लीतल्या डॉक्टर ताकेमीकडे गेला नाहीस तर एसपी, म्हणजे मंत्र टाकायची ताकद, भरून काढणारी ती पट्टी मिळणार नाही, आणि ती नसेल तर पॅलेस एका दिवसात संपणार नाही. शोगी खेळणारी हिफुमी भेटली नाही तर चालू लढाईत साथीदार बदलता येणार नाहीत. साथीदारांशी नातं वाढलं की ते तुझ्यावर येणारा जीवघेणा वार मध्ये पडून अंगावर घेतात. त्यामुळे 'पोरी पटवायचा गेम' म्हणणाऱ्याला सांग, बाबा रे, हा वेळ वाचवायचा गेम आहे.

माझ्यासाठी खरी मजा मात्र लढाईत. शत्रूची दुखरी नस सापडली, म्हणजे आगीला घाबरणाऱ्यावर आग टाकली, की तो आडवा होतो आणि तुला आणखी एक चाल मिळते. ती चाल 'बॅटन पास' करून दुसऱ्याला द्यायची. सगळे आडवे झाले की बंदुका रोखून चहूबाजूंनी उभं राहायचं. पाळीपाळीने चाल करायचे खेळ मला आधी झोपेची गोळी वाटायचे. इथे मेनू उघडतो तोसुद्धा थाटात उघडतो.

गिरणाकाठ

@मेहरूणचं बोर, बॅटन पाससाठी आधी नातं वाढवावं लागतं ना? मला तर तो सुरुवातीपासूनच मिळाला.

मेहरूणचं बोर

मूळ खेळात लागायचं. रॉयलमध्ये सगळ्यांना आधीपासून दिलाय, आणि तो आणखी जोरकस करायचा तर किचिजोजीला जाऊन डार्ट्स खेळायचे. मला विचारशील तर इथे त्यांनी जरा माती खाल्ली. मूळ खेळात बॅटन मिळाला की वाटायचं, याच्याशी आता आपलं जमलं. फुकट मिळालेल्या गोष्टीचं काय कौतुक.

शेवभाजी तिखट

माले अर्धं समजनं, अर्धं डोकावरथीन गयं. पन वाची राह्यनू, चालू द्या भो.

सदाशिव पेठी पाहुणा

शंभर तास जपानी शाळेत घालवण्यापेक्षा तेवढ्या वेळात एमपीएससीची पूर्व झाली असती.

गिरणाकाठ

पूर्व झाली. मुख्यही झाली. मुलाखतीत राहिलो, तेव्हा पीएस४ लावला. पुढे?

सदाशिव पेठी पाहुणा

शब्द मागे घेतो. खेळा.

अंजनीची लेक

मी एरंडोलची, आता नाशिकला. हा खेळ मी संपवलाय, आणि मला आवडला. हे आधी सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावर कुणीतरी "तुम्हाला गेम कळतच नाहीत" म्हणणारच.

(पहिल्या पॅलेसचं कथानक फुटेल, सावधान.)

पहिला खलनायक आठवा. कामोशिदा, शाळेचा पीटीचा मास्तर. पोरांना मारतो, मुलींवर डोळा ठेवतो, आणि त्याच्या छळामुळे एक मुलगी गच्चीवरून उडी मारते. इतका संताप यावा असं प्रकरण मी गेममध्ये पाहिलं नव्हतं. आमच्या वेळी शाळेत असा एक मास्तर होता, सगळ्या मुलींना ठाऊक होता, घरी कुणी सांगितलं नाही. म्हणून पहिल्या दहा-बारा तासांत मी या खेळाची भक्तच झाले होते.

आणि मग पुढे काय? तोच खेळ नायकाला त्याच्याच वर्गशिक्षिकेशी, कावाकामीशी, प्रेमप्रकरण करायची मुभा देतो. डॉक्टरशी, पत्रकार बाईशी, ज्योतिष सांगणारीशी पण. पोरगा अकरावीत आहे हो! मास्तर पुरुष असला की राक्षस, आणि बाई असली की गंमत? कामोशिदाच्या तावडीतून नुकत्याच सुटलेल्या अ‍ॅनला, नायकाच्या वर्गमैत्रिणीला, तर लगेच पुढच्या प्रकरणात चित्रकार पोरापुढे मॉडेल म्हणून बसायला लावतात, आणि ते विनोद म्हणून. आधी ज्याच्यावर रडवलं, त्यावरच महिनाभरात हसायला लावलं.

दुसरं: नायक मुलगाच. 'पर्सोना ३'ची पोर्टेबल आवृत्ती २००९ मध्ये आली, तिच्यात मुलगी होऊनही खेळता यायचं. २०२४ मध्ये 'पर्सोना ३'च नव्याने 'रीलोड' म्हणून काढला त्यात ती मुलगी गायब. म्हणजे जमत नाही असं नाही, जमवायचं नाही.

तिसरं जरा नाजूक आहे, पण बोलते. खेळणारे आपण तिशीच्या घरातले आणि समोरची पात्रं सोळा-सतरा वर्षांची. मी 'पुढे जायचं' हा पर्याय एकदाही घेतला नाही. सगळ्यांशी मैत्री. आणि माझं काहीही अडलं नाही.

तापीकाठचा तात्या

हे सगळं जपानी लोकांचं आहे, आपली मापं त्यांना लावू नयेत.

अंजनीची लेक

तात्या, मापं मी लावत नाहीये. पहिल्या प्रकरणात खेळाने स्वतःच लावली होती. तीच त्याला परत दाखवते आहे.

मेहरूणचं बोर

कावाकामीबद्दल शंभर टक्के सहमत. आणि वैताग असा की तिची दहावी पायरी खेळाच्या दृष्टीने फार उपयोगी. पॅलेसमधून दमून आल्यावर एरवी रात्र वाया जाते, ती वाचते. बाकी तिची गोष्ट, म्हणजे मेलेल्या विद्यार्थ्याचे पालक तिच्याकडून पैसे उकळतात आणि ती दुसरी नोकरी करून ते भरते, ही मला फार भिडली. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं.

साकुराबाग

भुसावळहून लिहितोय. मी जरा जुना माणूस, त्यामुळे थोडं मागे नेतो.

लढाई आणि मन जिंकणं यांचं लग्न पर्सोनाने लावलेलं नाही. पहिल्या पर्सोनात (१९९६) भेटीगाठींचा हा प्रकार नव्हताच. तो आला 'पर्सोना ३' मध्ये, २००६ साली. त्याच्या दहा वर्षं आधी, सप्टेंबर १९९६ मध्ये, सेगा सॅटर्नवर 'साकुरा वॉर्स' आला होता. १९२३ सालचं, पण वाफेच्या यंत्रांवर चालणारं टोकियो. मुलींची एक नाटक कंपनी, आणि तीच गुपचूप शहराचं रक्षण करणारी पलटण. रंगमंचावर गाणं-नाच, खाली तळघरात वाफेवर चालणारी लोखंडी चिलखतं. तुम्ही त्यांचे कॅप्टन, पण थिएटरवर तुमचं काम काय? तिकिटं फाडायचं. आपल्याकडच्या तमाशा-वगाच्या फडात ढोलकीवाल्यालासुद्धा त्याच्यापेक्षा जास्त मान असतो.

त्यात एक भन्नाट गोष्ट होती. समोरची काही बोलली की उत्तराचे पर्याय येतात आणि बाजूला वेळ संपत जाते. ठरलेल्या वेळात बोलला नाहीत तर 'गप्प राहिला' हेच तुमचं उत्तर. आणि कधीकधी तेच बरोबर असतं! पर्सोनात तुम्ही चहा पिऊन या, उत्तर तिथेच वाट पाहत असतं. आमच्या पिढीने मुलगी बघायला गेल्यावर जे घामाघूम होणं अनुभवलंय ते फक्त साकुरा वॉर्सला जमलंय. कुणी 'सैपाक काय काय येतो' विचारून मोकळा होतो, कुणी तोंडच उघडत नाही. मी दुसऱ्या प्रकारात मोडतो. लग्न जमलं.

तिथे नीट बोललात तर त्या मुलीचं चिलखत पुढच्या लढाईत जोरात चालतं. म्हणजे जे आज पर्सोनात बघतो त्याचं मूळ रोप ते. पुढे २०१९ मध्ये पीएस४ वर नवा 'साकुरा वॉर्स' आला, पण त्यातली लढाई पाळीपाळीची राहिली नाही, धडाधड बटणं दाबायची झाली. मला नाही भावला.

गिरणाकाठ

साकुराबागदादा, हे मस्त. 'गप्प राहणं हे उत्तर' ही कल्पना डोक्यात बसली.

साकुराबाग

अजून एक सांगून गप्प बसतो. त्याआधी, १९९४ मध्ये, कोनामीचा 'तोकिमेकी मेमोरियल' होता. त्यात लढाई नावालाच, सगळा मामला शाळेचा आणि भेटीगाठींचा. पण एखादीकडे फार दिवस दुर्लक्ष केलं की तिच्या नावापुढे बॉम्बचं चिन्ह यायचं. तो फुटला की ती सगळ्यांजवळ तुमची बदनामी करणार आणि सगळ्याच मुलींचं तुमच्याबद्दलचं मत घसरणार. ज्याला गावात राहायची सवय आहे त्याला यात नवीन काय? आमच्या आळीत हा बॉम्ब दर आखाजीला फुटतो, माहेरवाशिणी झोक्यावर बसल्या की.

अंजनीची लेक

झोक्यावरच्या गाण्यांत नाव घालून फुटतो, ते राहिलं. :)

केळीची पानं

रावेरहून हजर. मी 'फायर एम्ब्लेम थ्री हाउसेस' वाला. जुलै २०१९, निन्टेंडो स्विच. इथेही शिक्षक-विद्यार्थी भानगड आहे, म्हणजे तुम्हीच मास्तर. पण एक फरक मोठा. 'क्लासिक' पद्धतीने खेळलं तर लढाईत मेलेला माणूस मेला. परत येत नाही. ज्याच्यासोबत रविवारी चहा प्यायलात, ज्याची हरवलेली वस्तू शोधून दिलीत, तो तुमच्या एका चुकीच्या चालीने गेला.

पर्सोनात नातं म्हणजे ताकद वाढवायचा खुराक. थ्री हाउसेसमध्ये नातं म्हणजे भीती. मध्ये पाच वर्षं उलटतात आणि ज्या वर्गाला शिकवलं नाही तो वर्ग समोर तलवार घेऊन उभा. तुम्हाला नावानिशी ओळखतो. मी एकाला मारायचं टाळण्यासाठी अख्खा नकाशा वळसा घालून गेलो, दीड तास. शेवटी त्यानेच येऊन वार केला.

मेहरूणचं बोर

पाच वर्षांचा कथानकफोड इशाऱ्याशिवाय! पण जाऊ दे, २०१९ चा आहे.

तापीकाठचा तात्या

माझा वेगळाच आक्षेप. मुलाला खेळताना पाहिलं. त्यात पर्सोना म्हणून आपले देव आहेत. गणपती, लक्ष्मी, पार्वती, काली. आणि त्यांना म्हणे गिलोटीनखाली घालून दोघांचा एक करतात. हे चालतं तुम्हाला?

साकुराबाग

तात्या, तुमचं वाटणं समजू शकतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही चपापल्यासारखं झालं. पण त्या गिलोटीनखाली सगळेच जातात. ग्रीक, जपानी, सैतान, देवदूत. दोघांचा एक करायची ही परंपरा अ‍ॅटलसच्या १९८७ च्या 'मेगामी तेन्सेई'पासूनची आहे. शंकर मिळवायचा तर बाली बेटावरचे दोघे लागतात, रांगडा आणि बारोंग. तिथल्या नाट्यनृत्यात हे दोघे कायमचे वैरी. वैऱ्यांना एकत्र केल्यावर शिव. मला ते अपमान वाटलं नाही, कुणीतरी थोडं वाचून केल्यासारखं वाटलं.

केळीची पानं

आमची तक्रार उलटी आहे. कानबाई अजून आली नाही. रोट खाऊन काय ताकद वाढली असती!

तापीकाठचा तात्या

कानबाईला आणा मग बघू. पण गिलोटीन नको.

गिरणाकाठ

धागा पळतोय. दोन दिवस आलो नाही, कारण दुःखद घटना. पॅलेसमध्ये सेव्ह फक्त ठरावीक 'सेफ रूम'मध्ये होतं. शेवटची सेफ रूम मागे टाकून मी तासभर पुढे गेलो होतो. इन्व्हर्टरची बॅटरी मेलेली, ते मला माहीत होतं. वारं सुटलं, वीज गेली. टीव्हीवर माझंच तोंड दिसलं. तो तास पुन्हा खेळलो, आणि यावेळी वीस मिनिटांत संपवला, कारण कुणाची दुखरी नस कुठली ते पाठ झालं होतं.

ते करताना एक गोष्ट लक्षात आली. मी हा धागा 'लढाई वेगळी आणि भेटीगाठी वेगळ्या' असं समजून काढला होता. तसं नाहीये. लढाईत शत्रू आडवा केला की बंदूक रोखून त्याच्याशी बोलणी करता येतात. पैसे माग, वस्तू माग, नाहीतर 'आमच्यात ये' म्हण. मग तो प्रश्न विचारतो. कुणी चिडका, कुणी भित्रा, कुणी हसरा, कुणी उदास, आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर आवडतं. हे झालं भुतांचं. आणि संध्याकाळी कॉफी पिताना? तेच. योग्य बोललो की समोरच्याच्या डोक्यावर सुरांची चिन्हं उडतात. एक, दोन, तीन. त्याच्या आर्कानाचा, म्हणजे त्याच्या टॅरो पत्त्याचा, पर्सोना खिशात असेल तर जास्त गुण. दोन्हीकडे मी समोरच्याला काय ऐकायचंय एवढंच शोधतोय.

गेल्या डिसेंबरात समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याला गेलो होतो. मांडवात माइक हातात घेऊन आपलं नाव, शिक्षण, पगार, शेती किती, अपेक्षा काय. माझ्या आधीच्या मुलाने 'अपेक्षा: मनमिळाऊ' म्हटलं. त्याच्या आधीच्यानेही. मीही तेच म्हटलं. खाली बसलेल्यांच्या डोक्यावर एकही सूर उडाला नाही. घरी येऊन दोन दिवस माझ्या डोक्यात तोच माइक घुमत होता.

मग मला या खेळाचा राग यावा की नाही? माणसांशी बोलणं म्हणजे कुलूप आणि त्याची किल्ली, असं तो शिकवतो. पण तोच खेळ मला असंही म्हणायला लावतो की आज रयुजी या दोस्ताला भेटलो तर फुताबा ही मैत्रीण राहील, आणि राहिली ती राहिली. खऱ्या आयुष्यात हे मला कुणी इतक्या स्पष्ट सांगितलं नव्हतं. अभ्यासाच्या पाच वर्षांत मी किती जणांना 'पूर्व झाली की भेटू' म्हटलंय.

अंजनीची लेक

हे आवडलं. पण कुलूप-किल्लीवर एक दुरुस्ती. 'पर्सोना ३'मध्ये मूळ खेळात एखाद्याला फार दिवस भेटला नाहीत किंवा वाईट बोललात तर नातं उलटायचं, तुटायचंसुद्धा. ५ मध्ये कुणी रागवतच नाही. तीन महिने भेटू नका, मेसेज तसाच येतो, 'आज वेळ आहे का?' दोघी-तिघींना एकदम होकार दिलात तरी फेब्रुवारीत एकदा सगळ्या मिळून जाब विचारतात, धुलाई होते, आणि विषय संपला. तुमच्या वेळेची किंमत खेळ लावतो, त्यांच्या वेळेची लावत नाही. त्या सगळ्या रिकाम्याच बसलेल्या.

मेहरूणचं बोर

रिकाम्या नाहीत हो. साथीदारांतल्या हारूची ओळख वाढवायला प्रोफिशियन्सी, म्हणजे नायकाचं हातातलं कसब, शेवटच्या पायरीवर असावी लागते. ती भाव खाते. बाकी हारू म्हणजे आपल्या खान्देशची. शाळेच्या गच्चीवर भाजीपाला लावते, आणि तो खाल्ला की लढाईत ताकद येते.

केळीची पानं

वांगी लावते का? भरताची, हिरवी, बामणोदकडची?

मेहरूणचं बोर

वांगी नाहीत. तेवढ्यासाठी एक गुण कापला.

केळीची पानं

मग काय उपयोग. कळण्याची भाकरी कशाशी खायची.

शेवभाजी तिखट

आते माले समजनं. हाऊ खेळ जेवनना शे.

साकुराबाग

तसंही आहेच. नायक ज्याच्या माळ्यावर राहतो त्या सोजिरोच्या दुकानात कॉफी आणि करी. जपानी करी म्हणजे आपल्या रश्श्याचा इंग्लंड फिरून आलेला चुलतभाऊ. नायक ती करी बनवायला शिकतो आणि डब्यात घालून पॅलेसमध्ये नेतो.

@गिरणाकाठ, तुम्ही सप्टेंबरात आहात ना? एक सांगतो, कथानक फोडत नाही. शाळेचे समुपदेशक मारुकी, त्यांची नववी पायरी १८ नोव्हेंबरच्या आत झालीच पाहिजे. नाहीतर रॉयलमध्ये जे नवीन घातलंय, शेवटचं सत्र, ते दिसणारच नाही. मी पहिल्या वेळी चुकवलं. नव्वद तास खेळलो आणि ज्यासाठी पैसे मोजले तेच बघितलं नाही.

गिरणाकाठ

बाप रे. माझे मारुकी चौथ्या पायरीवर आहेत. बोलताना फार समजूतदार वाटतात म्हणून कंटाळा करत होतो.

साकुराबाग

समजूतदार माणसांकडेच आपण सगळ्यात शेवटी जातो.

अंजनीची लेक

मारुकीवर वेगळा धागा काढावा लागेल. संपवलात की आवाज द्या.

गिरणाकाठ

(तीन आठवड्यांनी)

संपवला. काही दिवस काही सुचलं नाही. मारुकीबद्दल इथे लिहीत नाही, अंजनीताई धागा काढतील तिथे भांडू.

मी कुणालाच होकार दिला नाही. ताईंचं वाचल्यावर मन झालं नाही हे खरं, पण त्याआधीही होत नव्हतं. खेळात माझा दिवस संपायला आला की नायकाच्या खोलीत राहणारं ते बोलकं मांजर म्हणतं, 'चल, आज झोपून जा.' सुरुवातीला चीड यायची. जानेवारीपर्यंत मी त्याच्या आधी उठून टीव्ही बंद करायला लागलो होतो.

मग १४ फेब्रुवारी आला. खेळातला. ज्याची कुणी नसते त्याचं काय होतं ते मला माहीत नव्हतं. रात्री दुकान बंद करताना सोजिरो, तो खडूस म्हातारा, ज्याने पहिल्या दिवशी सांगितलं होतं की जरा गडबड केलीस तर हाकलून देईन, तो चॉकलेट काढून देतो. फारसं बोलत नाही. 'घे' म्हणाल्यासारखं.

नेमकी तेव्हाच आई आत आली होती, दार वाजवायला. उभ्याउभ्या बघत राहिली.

"बाप का याचा?"

"नाही. याच्याकडे ठेवलेला आहे."

"घरचं कोणी येत नाही भेटायला?"

"नाही."

"मग खायला तरी देतो ना रोज?"

करी देतो म्हटलं. तिने पदराने पंख्याचा वारा अडवत डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं, आणि पलंगाच्या कडेला टेकली. पुढचा अर्धा तास तिने मला झोप म्हटलं नाही.

शेवभाजी तिखट

मन्ही माय बी आशीच शे.

केळीची पानं

इन्व्हर्टरची बॅटरी बदलली का?

गिरणाकाठ

नाही अजून.